तकिट धा धा तक धा



कनेरगाव नाक्याला काय किंवा हिंगोली-वाशिम रस्त्यावरच्या कुठल्याही गावात काय, पंधरा ऑगस्टला शाळेचं पथक वाजतं. ढोल, साइड ड्रम, झांज, कुठे बासरी, कुठे बिगुल. चाल ठरलेली असते: डावा-उजवा, डावा-उजवा. आज मी याच पथकाला वाजवता येईल अशा एका वेगळ्या संगीताविषयी बोलणार आहे. परदेशातल्या शाळांत वाद्य हाती घेऊन जेमतेम वर्ष झालेल्या मुलांच्या बँडसाठी ग्रह, चंद्र, अवकाशयान अशा विषयांवर रचना लिहिल्या जातात. त्या ऐकायच्या कशा, ते पाहू.

पहिल्या वर्षी मुलाला पाच-सहा सूर नीट लागले तरी खूप झालं. बोटं अजून धावत नाहीत. पण अवकाश सुरांतून उभं करायचं तर धावावं लागतच नाही, एकच सूर लांबवर धरावा लागतो. आपले गवई पहाटे खर्ज भरतात, तसाच लांब सुरांचा रियाज क्लॅरिनेट-ट्रंपेट शिकणाऱ्या मुलालाही रोज करावा लागतो. हुशार रचनाकार त्या रियाजाचंच संगीत करतो. दहा मुलं एकच सूर हळू धरतात, फुगवत नेतात आणि एकदम थांबतात. झांजेवर मऊ गोळ्याच्या काठीने अलगद घुमारा काढला जातो. कधी मुलं वाद्यातून सूर न काढता नुसती फुंकर सोडतात. अशा वेळी चाल शोधू नका. सूर जवळून येतोय की लांबून, आणि दोन सुरांमध्ये किती शांतता ठेवली आहे, तिकडे कान द्या.

या साऱ्या रचनांवर एका माणसाची मोठी छाया आहे: गुस्ताव होल्स्ट. जन्म १८७४, इंग्लंडचा. तरुणपणी ट्रॉम्बोन वाजवून पोट भरलं आणि १९०५ पासून लंडनच्या सेंट पॉल्स मुलींच्या शाळेत संगीत शिकवलं. हा गृहस्थ ऋग्वेदातल्या सूक्तांसाठी संस्कृत शिकला, त्यांना स्वतः चाली लावल्या आणि सावित्रीच्या कथेवर ऑपेराही लिहिला. त्याची ‘द प्लॅनेट्स’ ही सात ग्रहांची रचना २९ सप्टेंबर १९१८ रोजी लंडनमध्ये पहिल्यांदा वाजली.

त्यातला मंगळ, म्हणजे युद्धाचा ग्रह, आपल्या कानाला लगेच कळेल. त्याचं चक्र पाच मात्रांचं आहे. बोलांत म्हणतो, तुम्ही मांडीवर ताल धरा: तकिट, धा, धा, तक, धा. पहिल्या मात्रेत तीन ठोके, चौथीत दोन, बाकी एकेक. पुन्हा म्हणा. दोन पायांनी यावर संचलन करता येत नाही, कारण दर चक्राला पाय बदलतो. म्हणूनच हे युद्ध अंगावर येतं. सुरुवातीला व्हायोलिनवाले गजाची केसांची बाजू नव्हे, लाकडी बाजू तारांवर आपटतात. तो कोरडा आवाज चुकवू नका. शेवटचा ग्रह नेपच्यून. तिथे स्त्रियांचा वृंद दिसतच नाही, तो शेजारच्या खोलीत गातो. अखेरीस त्या खोलीचं दार हळूहळू लावलं जातं आणि सूर कधी संपला ते सांगता येत नाही. माझ्या मते अवकाशाचं अंतर याहून साध्या युक्तीने कुणी दाखवलेलं नाही.

आता आपल्या हिंगोली जिल्ह्याकडे या. औंढा नागनाथ परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. अशी पहिली लहर अमेरिकेतल्या लायगोने १४ सप्टेंबर २०१५ रोजी टिपली. एकशेतीस कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली, त्यातून उठलेली ती लहर. अवकाशात हवा नाही, म्हणून आवाजही नाही. पण लहरीची कंपनसंख्या कानाच्या टप्प्यातली होती, म्हणून शास्त्रज्ञांनी तो संकेत ध्वनीत उतरवला. सेकंदाच्या पाचव्या भागात तो सेकंदाला ३५ कंपनांवरून २५० वर चढतो, म्हणजे जवळजवळ तीन सप्तकं. शेवट होतो तो पेटीच्या मधल्या पांढरी एकच्या आसपास. तिथे पोचला की तुटतो.

हे मुलांना वाजवता येतं. साइड ड्रमवर हलकी घाई सुरू करायची, ती वाढवत न्यायची, बासरीने खालून वर मींड घ्यायची आणि दोघांनी एकाच क्षणी थांबायचं. ते थांबणं जमलं की मुलांना पथक म्हणजे काय ते कळतं.

शाळेतल्या गुरुजींना आणि बाईंना माझी विनंती आहे. येत्या २६ जानेवारीला संचलन आटोपल्यावर मुलांना आणखी तीन मिनिटं द्या. ढोलावर मंगळाच्या पाच मात्रा, वर बासरीचा एकच लांब सूर आणि शेवटी त्या लहरीचा चढता सूर. त्यासाठी एकही नवं वाद्य विकत घ्यावं लागणार नाही.