पुरातला पाहुणा



वरोऱ्याचे आनंदवन, भामरागडजवळचे हेमलकसा पाहावयास दूरदूरचे, परदेशांतलेही पाहुणे येतात. त्यांना आपल्या नद्यांचा स्वभाव ठाऊक नसतो. आकाश निवळले की ते निघतात. आणि येथेच घात होतो. कारण आपल्याकडचा पूर पुष्कळदा आपल्या पावसाचा नसतो. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मुसळधार पाऊस पडला मध्य प्रदेशात. गोसेखुर्द धरणाचे दरवाजे उघडले गेले आणि वैनगंगेने ब्रह्मपुरी, वडसा भागांतली गावे वेढली. नदी भरली की तिला मिळणारे नालेही उलटे फुगतात. पर्लकोटेच्या पुराने २०१९ साली भामरागडचा संपर्क अनेकदा तुटला.

म्हणून पाहुण्याला सांगावे: वरच्या धरणाची बातमी विचारून निघा. रपट्यावरून पाणी वाहत असता पाऊल घालू नका, मोटार तर नकोच. गढूळ पाण्याखाली रस्ता उरला आहे की नाही, ते दिसत नाही. अडचणीत ११२ क्रमांकावर कळवा.

पण भगिनींनो, नुसते 'थांबा' म्हणून भागत नाही. परक्या मुलखात थांबायचे कोठे? ते उत्तर आपण द्यावयाचे आहे. एका रात्रीचे अंथरूण आणि वरणभात दिला, तर कोणाचा तरी जीव वाचेल.