कर्करोगाच्या उपचारांतील मुलाचा ताप



लहान मुलाला ताप आला कीं एक रात्र वाट पाहावी, कपाळावर पाण्याची पट्टी ठेवावी आणि सकाळीं उतार नसल्यास डॉक्टरांकडे जावें, ही आपल्या घरांतून चालत आलेली रीत आहे. एरवीं ती बहुधा चालून जाते. परंतु ज्या मुलावर कर्करोगाचे उपचार चालू आहेत, त्याच्या बाबतींत हीच रीत घातक ठरूं शकते.

केमोथेरपीचीं औषधें झपाट्यानें वाढणाऱ्या पेशींवर आघात करतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतात. परंतु हाडांच्या मगजांत तयार होणाऱ्या रक्तपेशीही तशाच असतात. त्यामुळें औषध दिल्यानंतर साधारणतः ७ ते १४ दिवसांच्या सुमारास जंतूंशीं लढणाऱ्या पांढऱ्या पेशी फार कमी होतात. १९६६ सालीं अमेरिकेंत जेरल्ड बोडी व त्यांचे सहकारी यांनीं रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांचा अभ्यास करून दाखविलें कीं, या पेशी जितक्या कमी आणि जितके अधिक दिवस कमी, तितका जंतुसंसर्गाचा धोका अधिक.

सूज, लाली, पू हीं चिन्हें मुख्यतः या पेशींच्याच झुंजीमुळें दिसतात. पेशीच नसल्यावर तीं कोठून दिसणार? पुष्कळदां ताप हीच एकमेव सूचना असते. मूल हंसतें आहे, खेळतें आहे, एवढ्यावरून निश्चिंत राहूं नये.

म्हणून तापमापक १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस, दाखवील, तर त्याच क्षणीं रुग्णालयाला टेलिफोन करावा. मग रात्रीचे दोन वाजलेले असोत वा दिवाळीचा दिवस असो. आपल्या रुग्णालयानें निराळा आंकडा दिला असल्यास तोच प्रमाण मानावा. विचारल्याखेरीज पॅरासिटॅमॉल देऊं नये. त्यानें आंकडा उतरतो, जंतु तसेच राहतात. ॲस्पिरिन व आयबुप्रोफेन यांनीं रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापमापक गुदद्वारांत लावूं नये. रुग्णालयांत रक्त तपासणीस घेऊन, निकालाची वाट न पाहतां, शक्यतों तासाभरांत प्रतिजैविक औषध सुरू करतात. घरीं दवडलेला प्रत्येक तास या तासाच्या आधींचा असतो.

ताप नसतांही टेलिफोन करावा अशीं लक्षणें आहेत: हुडहुडी भरणें, विशेषतः छातींतील नळीवाटे औषध दिल्यानंतर, श्वास लागणें, गुंगी, आंचके किंवा तीव्र डोकेदुखी, १० मिनिटें दाबून धरूनही न थांबणारें रक्त, अंगावर बारीक लाल ठिपके, काळा शौच, पोटांत पाणीही न ठरणें. मुलाचा कांजिण्या झालेल्या कोणाशीं संपर्क आला, तर मूल बरें दिसत असलें तरी त्याच दिवशीं कळवावें. त्यावरील संरक्षक औषध लौकर दिल्यासच उपयोगी पडतें.

बोलतांना रोगाचें नांव, शेवटच्या औषधाची तारीख, ताप किती व केव्हां मोजला, हें सांगावें. तें सर्व टेलिफोनच्या क्रमांकासह एका कागदावर लिहून भिंतीवर लावून ठेवावें.

शेवटीं एक गोष्ट घरांतील वडील मंडळींना विनवावीशी वाटते. रात्रीं मुलाजवळ बहुधा त्याची आई जागी असते. टेलिफोन करावयाचा कीं नाहीं, हें विचारण्यासाठीं तिला कोणालाही उठवावें लागूं नये. तो अधिकार तिला आजच, सर्वांसमक्ष देऊन टाका.