जंतूंच्या घरचा पाहुणा



शहाडच्या पुलावरून उल्हास नदी आपण नित्य पाहतो. पण तिच्या एका थेंबात काय चालते ते डोळ्यांस दिसत नाही. नदीच्या पाण्यात जंतू असतात, आणि त्या जंतूंवर जगणारे, त्यांहूनही सूक्ष्म असे विषाणू असतात. त्यांच्याविषयी आज चार शब्द सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

१८९६ साली आग्र्याच्या हँकिन यांनी दाखविले, की गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात, आणि पाणी उकळले की तो गुण जातो. १९१७ मध्ये पॅरिसला देरेल यांनी जंतू मारणाऱ्या विषाणूंना ‘बॅक्टेरिओफाज’, म्हणजे जंतुभक्षक, हे नाव दिले.

गंमत अशी, की हा भक्षक नेहमीच भक्षण करीत नाही. ई. कोलाय जंतूत शिरणारा लॅम्डा विषाणू घ्या. त्याच्यापुढे दोन वाटा असतात: स्वतःच्या अनेक प्रती काढून जंतू फोडून बाहेर पडावे, किंवा जंतूच्या गुणसूत्रात आपले सूत्र गुंफून निमूट राहावे. त्याला बुद्धी नाही. निवाडा होतो तो काही प्रथिनांच्या कमीअधिकपणाने. जंतू उपाशी असला, किंवा एकाच जंतूत अनेक विषाणू शिरले, तर झोपेचे पारडे जड होते. यजमान थोडे उरले असता घर मोडण्यात हशील काय? मात्र अतिनील किरणांनी जंतूच्या सूत्रास इजा झाली, की पाहुणा जागा होतो आणि घर फोडून निघतो. २०१७ मध्ये इस्रायलमधील सोरेक व त्यांच्या सहकाऱ्यांना असेही आढळले, की काही विषाणू सहा अमिनो आम्लांचा एक निरोप मागे ठेवतात. तो दाटला, की मागाहून येणारे झोपेची वाट धरतात.

हा पाहुणा कधी आपल्याबरोबर विषही आणतो. पटकीच्या जंतूचे विष मुळात त्याच्या सूत्रात मुक्कामास राहिलेल्या विषाणूचे, हे वॉल्डर व मेकालानोस यांनी १९९६ साली दाखविले. म्हणूनच औषधे न मानणाऱ्या जंतूंवर भक्षक सोडायचे, तर निव्वळ मारणारेच निवडावे लागतात. झोपणारे चालत नाहीत.

तेव्हा नदीच्या गुणावर विसंबू नका. पाणी उकळल्याने भक्षक मरतो हे खरे. पण पटकीचा जंतूही मरतो, आणि आपल्याला हवे आहे ते एवढेच.