कीचकाचा वध आणि जिन्यावरची सावली



१९२० साली बाबूराव पेंटरांचा 'सैरंध्री' हा मूकपट पुण्यात लागला. त्यात भीम कीचकाला मारतो. ते दृश्य इतकं खरं वाटलं की थिएटरात काही जणांना भोवळ आली, असं सांगतात. पुढे सरकारने ते कापायला लावलं. पडद्याला आवाज नव्हता, रंग नव्हता, आणि गोष्ट तर प्रत्येकाला पाठ होती. कीचक मरणार हे ठाऊक असलेली माणसं मग हादरली कशानं?

बाबूराव कोल्हापूरचे. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवून त्यांनी नाव कमावलं होतं. पण सिनेमा करताना त्यांनी मागे रंगवलेला पडदा टांगणं सोडलं आणि महाल, खांब, दालनं खरोखर उभी केली. रंगवलेल्या खांबाची सावली पडत नाही. उभ्या खांबाची पडते, आणि त्या सावलीत कोणीतरी दबा धरून बसू शकतो. माझ्या मते आपल्याकडच्या मूकपटातली भीती इथे जन्मली. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती पुरुषाने केली होती. 'सैरंध्री'त द्रौपदीच्या भूमिकेत बाई होती. जिच्यावर प्रसंग बेतला ती बाई खरी, अंधार खरा.

'सैरंध्री' आज आपल्याला बघता येत नाही, याची मला फार हळहळ वाटते. तेव्हाची फिल्म नायट्रेटची असायची, चटकन पेटायची. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट झाले आणि त्यातले अगदी मोजके उरले. उरलेल्यांत फाळक्यांचा १९१९ सालचा 'कालिया मर्दन' आहे. तो भयपट नव्हे, पण पहिला धडा त्याच्यापासूनच घ्यावा. बाळकृष्ण झाली आहे फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी. कृष्ण डोहात उडी घेतो, खाली कालियाशी झुंज सुरू होते. फाळके आपल्याला पाण्याखाली नेतात, पुन्हा काठावर आणतात, पुन्हा खाली नेतात. काठावरच्या माणसांना खालचं काही दिसत नाही, आपल्याला दिसतं. नागापेक्षा काठावरचे चेहरे बघा. जीव त्यांच्यामुळे टांगणीला लागतो.

'सैरंध्री' लागला त्याच वर्षी बर्लिनमध्ये 'द कॅबिनेट ऑफ डॉक्टर कॅलिगरी' लागला. दिग्दर्शक रॉबर्ट वीने. गंमत अशी, की बाबूरावांनी जे टाकून दिलं तेच या मंडळींनी मुद्दाम उचललं. घरं, गल्ल्या, खिडक्या, सगळं कापडावर रंगवलेलं, तेही वाकडंतिकडं. सावल्यासुद्धा ब्रशने काढलेल्या. अशा गावात नीट शहाणा माणूस राहूच शकणार नाही, असं वाटायला लागतं. नवरात्रात आपल्याकडच्या केळापूरच्या जगदंबेची यात्रा तुम्ही पाहिली असेल. तशाच एका जत्रेत, एका तंबूत, कॅलिगरी पेटीत निजलेला माणूस दाखवतो. त्याला ऊठ म्हणतो. तो माणूस डोळे उघडायला जो वेळ घेतो, तो वेळ तुम्हीही द्या. पुढे ढकलू नका. आजचा भयपट एकदम दचकवतो. इथे भीती हळूहळू चढत जाते.

आणि मग मुर्नाऊचा 'नोस्फेराटू', १९२२ चा. या सगळ्यांत माझा सर्वांत लाडका. मुर्नाऊने कॅमेरा खऱ्या डोंगरांत, खऱ्या किल्ल्यात, खऱ्या बंदरावर नेला. रक्तपिपासू काउंट झालेला माक्स श्रेक फारसं काही करत नाही. दारात ताठ उभा राहतो, एवढंच. शेवटाकडे जिन्याच्या भिंतीवर नुसती त्याची सावली चढत जाते, लांब बोटं दरवाज्याकडे सरकतात. तो स्वतः त्या क्षणी चौकटीत नाही. ज्याला घाबरायचं तो दाखवायचाच नाही, हे मुर्नाऊने तिथे पुरतं साधलं. ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' कादंबरी परवानगीशिवाय वापरली म्हणून त्याच्या पत्नीने दावा लावला आणि कोर्टाने सगळ्या प्रती नष्ट करायला सांगितल्या. काही वाचल्या, हे आपलं भाग्य. एक सूचना मात्र लक्षात ठेवा. तेव्हा रात्रीचे प्रसंग दिवसा चित्रित करून फिल्मला निळी छटा देत. त्या छटेशिवायची प्रत लावलीत, तर काउंट भरदुपारी शवपेटी काखेत घेऊन हिंडताना दिसेल. नीट दुरुस्त केलेली, रंगछटा असलेली प्रतच शोधा.

जपानी 'अ पेज ऑफ मॅडनेस', १९२६ चा, दुसऱ्या फेरीसाठी ठेवा. वेड्यांच्या इस्पितळातली गोष्ट. मजकुराची एकही पाटी नाही. अवघड आहे, पण विलक्षण आहे.

मूकपट संपले तरी त्यांचं शहाणपण बोलपटात उतरलं. दिग्दर्शक व्ही. शांताराम बाबूरावांच्याच कंपनीत तयार झाले. त्यांच्या १९३४ च्या 'अमृतमंथन'मध्ये राजगुरूचा एक डोळा सगळा पडदा व्यापतो. हिंदीत चंद्रमोहनचा, मराठीत ती भूमिका केशवराव दात्यांची. स्वतः बाबूरावांनी आपला १९२५ चा मूकपट 'सावकारी पाश' १९३६ साली बोलपट म्हणून पुन्हा केला. सावकाराने शेतकऱ्याची जमीन गिळण्याची गोष्ट, नारायण हरी आपट्यांची. त्या बोलपटातल्या एका दृश्याची आठवण चित्रपट-निर्माते जे. बी. एच. वाडियांनी सांगितली आहे: अंधुक उजेडात दूरवर एक उदास झोपडी, आणि एका कुत्र्याचं रडणं. दुसरा आवाज नाही. कर्जापायी गेलेल्या जमिनीचं दुःख आपल्या कापसाच्या मुलखाला कुणी समजावून सांगायला नको. भूत, पिशाच्च, काही न दाखवता बाबूरावांनी तिथे अंगावर काटा आणला. मी तरी त्याला भयपटच म्हणेन.

बघायचं कसं? 'कॅलिगरी' आणि 'नोस्फेराटू' इंटरनेटवर सापडतात. मोबाइलवर एकट्याने बघू नका. सावल्या त्या इवल्या काचेत मावत नाहीत. शाळेतला प्रोजेक्टर आणि एक पांढरी चादर पुरेल. पूर्वी आपल्याकडे मूकपटाच्या पाट्या दोन-तीन भाषांत असत, आणि ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवी. केळापूर तालुक्यात मराठी, गोंडी, कोलामी, तेलुगू अशा भाषा एकाच बाजारात ऐकू येतात. पाट्या थोड्याच असतात. वाचणारा आधी एकदा चित्रपट बघून तयार असला, तर ज्याला जी भाषा येते तीत सांगता येईल. संगीत पहिल्यांदा बंदच ठेवा. दुसऱ्यांदा गावातल्या पेटी-तबलेवाल्यांना बोलवा आणि त्यांना पडद्याकडे बघून वाजवू द्या.