ब्रीद आणि बडदास्त



व्याख्यानमालेच्या चालकांना आम्ही हा विषय कळवला, तेव्हा त्यांना वाटले की आम्ही संस्थानी काळातल्या भालदार-चोपदारांवर बोलणार. तसे काही नाही. विषय आजचा आहे आणि तो आमच्या दारात स्वतःच्या पायांनी चालत आला.

गेल्या दिवाळीनंतर शिर्डीकडचा एक तरुण आमच्या कचेरीत आला. त्याचे वडील मोटारचालक आणि आमच्या संघटनेचे जुने सभासद. मुलाने नवा धंदा काढला होता. धनिक यात्रेकरू काकडीच्या विमानतळावर उतरले की त्यांना भारी मोटारीतून आणायचे, उत्तम खोली द्यायची, पथ्याचे जेवण, डॉक्टर, पैठणी, रात्री दोन वाजता गरम दूध, जे मनात येईल ते हजर करायचे. फ्रेंच भाषेतून आलेला 'कॉन्सियर्ज' हा शब्द या कामाला वापरतात. तो म्हणाला, "काका, धंद्याला एक टॅगलाइन पाहिजे. तुम्ही जन्मभर घोषणा लिहिल्या. मला चार शब्द द्या."

आम्हांला प्रथम हसू आले. मालकांच्या विरुद्ध घोषणा लिहिण्यात तीस वर्षे गेली आणि आता मालकासाठी लिहायची! पण मुलगा आपला होता. आम्ही म्हटले, आठ दिवस दे. त्या आठ दिवसांत जे वाचले, आठवले आणि सुचले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट शब्दाची. 'टॅग' म्हणजे मालाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. माल विकला की चिठ्ठी तोडून फेकायची. आपल्याकडे त्याच कामाला 'ब्रीद' हा शब्द आहे. ब्रीद मिरवायचे असते हे खरे, पण त्याआधी ते राखायचे असते. ते सुटले तर माणसाची पत जाते. एकच ओळ चिठ्ठी म्हणून लिहिता येते आणि ब्रीद म्हणूनही लिहिता येते. धंदा करणाऱ्याने आधी ठरवावे की आपल्याला यांपैकी काय हवे आहे.

याचा उत्तम दाखला शोधायला आपल्याला नगरबाहेर जावे लागत नाही. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली ती पुणे-अहमदनगर मार्गावर. चालक होते किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे. पुढे एसटीने 'बहुजन हिताय, बहुजन सुखाय' हे ब्रीद घेतले. शब्द जुने, बुद्धाच्या काळापासून चालत आलेले. पण एसटीने ते वाड्यावस्त्यांपर्यंत नेले. शाळेला जाणारी पोर, बाजाराला निघालेली म्हातारी, टपालाची पिशवी, सगळे त्या गाडीतून गेले. लोकांनीही आपल्या बाजूने एक ओळ जोडली: 'वाट पाहीन, पण एसटीनेच जाईन.' आमच्या मते कोणत्याही सेवेला याहून मोठे प्रशस्तिपत्र नाही. गिऱ्हाईक स्वतः तुमचे वाक्य पुढे चालवते, तेव्हा ते ब्रीद ठरते.

परंतु याच एसटीने आम्हांला दुसरा धडा दिला. १ जून २०२२ रोजी याच पुणे-नगर मार्गावर 'शिवाई' ही विजेवरची गाडी सुरू झाली. समारंभ झाला, फुले उधळली गेली. त्याआधी दोनच महिन्यांपूर्वी, एप्रिलमध्ये, कर्मचाऱ्यांचा जो संप संपला तो २०२१ च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालेला होता. त्या दिवसांत माळीवाड्याच्या स्थानकावर एक वाहक आम्हांला म्हणाला, "भाऊ, बहुजन हिताय म्हणतात, त्या बहुजनांत आम्ही येतो का नाही?" संपाच्या बऱ्यावाईटाची चर्चा आज करायची नाही. पण हा प्रश्न प्रत्येक ब्रीदवाक्याला विचारण्याजोगा आहे. वचन दिले जाते गिऱ्हाईकाला, देतो मालक, आणि ते फेडायचे मात्र तिसऱ्याच माणसाने. त्या तिसऱ्याला कोणी विचारलेले नसते.

आता त्या तरुणाकडे परत येऊ. त्याने स्वतः एक ओळ करून आणली होती: 'चोवीस तास आपल्या दिमतीला.' ओळ कानाला गोड आहे. आम्ही विचारले, "मोटारी किती?" "सहा." "चालक किती?" "सहा." "मग हे चोवीस तास कोणाचे?" मुलगा गप्प झाला. त्याचे वडील रात्रीचा दिवस करून गाडी हाकत. त्यांच्या डोळ्यांची लाली त्याने लहानपणी पाहिलेली होती.

श्रोतेहो, तासांचा हा हिशेब जुना आहे. आठ तास काम, आठ तास विश्रांती, आठ तास स्वतःचे, ही मागणी विलायतेत रॉबर्ट ओवेन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मांडली. तिच्यासाठी १८८६ साली शिकागोत रक्त सांडले. मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळायला १८९० साल उजाडावे लागले आणि त्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. मोटार कामगारांसाठी तर १९६१ साली वेगळा कायदा झाला. त्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. एवढ्या खटाटोपाने मिळवलेले तास चार गोड शब्दांत परत देऊन टाकायचे काय?

तुम्ही म्हणाल, श्रीमंतांच्या सेवेचा तुम्हांला मत्सर आहे. मुळीच नाही. बडदास्त ठेवणे ही एक विद्या आहे आणि ती जाणणारा माणूस आम्हांला कारागिराइतकाच मोठा वाटतो. पॅरिसच्या बड्या हॉटेलांतल्या द्वारपालांनी १९२९ साली आपली संघटना बांधली. कोटाच्या कॉलरवर सोन्याच्या दोन किल्ल्या एकमेकींवर तिरप्या, ही त्यांची खूण. आज ती अनेक देशांत पसरली आहे. तिचे ब्रीद आहे, मैत्रीतून सेवा. त्यांनी 'दास' हा शब्द घेतला नाही, 'मित्र' घेतला. मित्र मध्यरात्री धावून येतो, पण मित्राला 'आज जमणार नाही' असेही म्हणता येते. नोकराला नेमके तेवढेच म्हणता येत नाही.

आणि मुंबईचे ताजमहाल हॉटेल. ते १९०३ साली उघडले. २००८ च्या नोव्हेंबरात तिथे अतिरेक्यांचा हल्ला झाला, तेव्हा तिथल्या नोकरवर्गातल्या अनेकांनी पळून न जाता पाहुण्यांना वाचवले आणि काहींनी प्राण दिले. त्या रात्री त्यांना कोणी ब्रीदवाक्य वाचून दाखवले नव्हते. अशी निष्ठा पाटीवर रंगवून येत नाही. माणसाला माणसासारखे वागवले तर ती येते.

इथे आमचीही एक चूक सांगितली पाहिजे. नाही तर हे भाषण दुसऱ्याला शहाणपण शिकवण्यापुरतेच राहील. पुष्कळ वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या एका कारखान्यावर संप होता. घोषणा आम्ही लिहिली: 'मागणी पुरी झाल्याविना माघार नाही.' भिंती रंगल्या, पोरांच्या तोंडी ती बसली. एकोणीस दिवसांनी पदरात निम्मे पडले आणि आम्ही संप मागे घेतला. तडजोड योग्यच होती. घरोघरची चूल विझत चालली होती. पण एक म्हातारा कामगार भिंतीकडे बोट दाखवून म्हणाला, "भाऊ, आता ते पुसायचं कुणी?" त्या दिवशी चुन्याची बादली आम्ही स्वतः उचलली. शब्द लिहिण्यापेक्षा तो पुसणे किती जड असते, हे तेव्हापासून आम्ही विसरलो नाही.

म्हणून आठव्या दिवशी तो मुलगा आला, तेव्हा त्याला आम्ही तीनच शब्द दिले: 'सांगू ते करू.' तो हिरमुसला. म्हणाला, "काका, हे फार साधं आहे. आमचं गिऱ्हाईक मोठं असतं. त्यांना 'सांगाल ते करू' असं ऐकायचं असतं." आम्ही म्हटले, "त्या दोन वाक्यांत एकाच अक्षराएवढे अंतर आहे आणि सगळा धंदा त्या अंतरात आहे. 'सांगाल' म्हटलेस की तुझ्या वचनाची दोरी दुसऱ्याच्या हातात गेली. 'सांगू' म्हटलेस की आधी विचार करशील, जमेल तेवढेच बोलशील आणि बोललेले चोख करशील. शिवाय तू धंदा कोणत्या गावात करतोस? श्रद्धेच्या जोडीला जिथे सबुरी सांगितली, त्या गावात. श्रीमंताला तू थोडी सबुरी शिकवलीस तर साईबाबा रागावणार नाहीत."

त्याला एक अट मात्र घातली. ही ओळ छापण्याआधी आपल्या सहा चालकांना वाचून दाखव. त्याने ती दाखवली. त्यांतल्या एकाने विचारले, "मालक, हे फक्त पाहुण्यांना, का आम्हांला पण? पगाराच्या तारखेला पण? सुट्टीला पण?"

मुलगा दोन दिवस आमच्याकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी आला, तेव्हा हातात कागद होता. आठवड्याची सुट्टी, रात्रपाळीला वेगळा माणूस, पगार सात तारखेच्या आत. आणखी दोन चालक ठेवावे लागणार होते आणि नफा घटणार होता. तो म्हणाला, "आता छापू का?" आम्ही म्हटले, "आता छाप."

हे किती दिवस टिकेल? सांगता येत नाही. हंगाम मंदावला, कर्जाचा हप्ता थकला, की तो कागद त्याला जड होईल. पण तेव्हा त्याच्या चालकांपाशी त्याचेच तीन शब्द असतील आणि ते त्याला वाचून दाखवता येतील. ब्रीदाचा गरिबाला एवढाच उपयोग, पण तो काही थोडा नाही.

उद्या आपण एखाद्या दुकानाची, दवाखान्याची, पक्षाची किंवा आमच्यासारख्या संघटनेची गोड ओळ वाचाल, तेव्हा तिला दोनच प्रश्न विचारा: हे वचन फेडणार कोण, आणि त्याला कोणी विचारले आहे काय? उत्तर मिळाले तर ते ब्रीद आहे. न मिळाले तर ती चिठ्ठी आहे. दोरा तोडा आणि माल नीट पारखून घ्या.