नावाची नोंदवही कोणाच्या हाती?



आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. संगणकाविषयी आम्ही बोलावे याचे आपणांस नवल वाटेल. पण ठेच लागली की माणूस शिकतो, आणि आमच्या युनियनला ती चांगलीच लागली.

युनियनची वेबसाइट आम्ही एका कंपनीच्या सर्व्हरवरून दुसरीच्या सर्व्हरवर नेली. नवी कंपनी म्हणाली, "नेमसर्व्हर आमचे लावा, पुढचे आम्ही पाहू." आम्ही लावले. वेबसाइट दिसू लागली, परंतु ईमेल यायचे बंद झाले. कामावरून काढलेल्या तीन कामगारांच्या तडजोडीच्या बैठकीची तारीख ईमेलनेच यायची होती. बैठक हुकली. पुढची तारीख तीन महिन्यांनी मिळाली. तोवर त्या घरांतल्या चुली कशा पेटल्या, ते आम्ही पाहिले आहे.

कारण साधे होते. डीएनएस ही नावांची नोंदवही. वेबसाइट कोठे आहे ते 'ए' नोंदीत, टपाल कोठे पोचवावे ते 'एमएक्स' नोंदीत. नेमसर्व्हर बदलले म्हणजे वहीच बदलली, आणि नव्या वहीत एमएक्सची ओळ कोणी उतरवलीच नाही.

दोष कंपनीचा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण आमचे टपाल कोठे येते, हे तिला कसे ठाऊक असावे? ते आम्हांलाच ठाऊक होते.

पूर्वी सगळ्या यंत्रांची नावे अमेरिकेत एकाच ठिकाणी एका फाइलीत ठेवीत. यंत्रे वाढली, तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची आखणी केली. तिचे मर्म असे की, ज्याचे नाव त्याने आपल्या नोंदी सांभाळाव्यात, किंवा दुसऱ्याकडे सोपवाव्यात. मात्र सोपवणे म्हणजे सोडून देणे नव्हे.

बँकेतल्या खात्याचा हिशेब कारकून लिहितो. सही दोन पदाधिकाऱ्यांची असते. येथेही तसेच व्हावे. नाव युनियनच्याच नावे नोंदवावे. रजिस्ट्रारकडील खात्याचा पासवर्ड दोन पदाधिकाऱ्यांपाशी असावा. त्या खात्याला ईमेलचा पत्ता मात्र दुसऱ्या नावाखालचा द्यावा. नाहीतर आपले टपाल बंद पडले की पासवर्ड बदलण्याचे पत्रही मिळत नाही. रोजच्या नोंदी कंपनीने खुशाल पाहाव्यात, पण बदल करण्याआधी साऱ्या नोंदींची नक्कल आपल्या कचेरीत असावी.

काम दुसऱ्याला देता येते, मंडळी. जबाबदारी देता येत नाही. हे आम्ही शिकलो, पण त्याची किंमत त्या तिघांनी मोजली.