फळमाशीला मातीतच गाठा



सात रस्त्याला हातगाडीवर पेरू घेतलेलं गिऱ्हाईक घरी जाऊन फळ कापतं आणि आत पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसतात. ते गिऱ्हाईक पुन्हा त्या गाडीकडं फिरकत नाही. बोरं, कारली, दोडका, काकडी यांचीही तीच गत. फळमाशीपायी परदेशातला बाजारसुद्धा बंद होतो. मालात फळमाशीसारख्या किडी सापडल्या म्हणून युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतातला आंबा, कारली, पडवळ यांची आयात थांबवली होती. आंब्यावरची बंदी २०१५ साली उठली.

या माशीला जमिनीतच मारणाऱ्या एका बुरशीची आज आपण माहिती घेणार आहोत.

आधी माशीची चाल समजून घ्या. मादी फळाच्या सालीला भोक पाडून आत अंडी घालते. अळी आत बसून गर खाते, त्यामुळं वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत नीट पोचत नाही. पण पूर्ण वाढलेल्या अळीला फळ सोडावंच लागतं. ती खाली पडते, मातीत दोन-चार बोटं खोल शिरते आणि तिथं तिचा कोष होतो. उबदार हवेत आठ-दहा दिवसांत कोषातून माशी निघते आणि पुन्हा फळावर जाते. सोलापुरात माणसाला सात रस्ते आहेत. फळमाशीला मात्र मातीतून जाणारा एकच रस्ता आहे. नाकाबंदी करायची ती तिथंच.

ही नाकाबंदी मेटारायझियम नावाची बुरशी करते. उसातल्या हुमणीसाठी आपल्यापैकी अनेकांनी ती वापरली असेल. मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने १८७९ साली गव्हावरच्या भुंगेऱ्यांना मारण्यासाठी हिचे प्रयोग केले. बुरशीचे बीजकण किडीच्या अंगाला चिकटतात, रुजतात, कातडी भेदून आत शिरतात. काही दिवसांत कीड मरते आणि ओल असेल तर तिच्या अंगावर हिरवी बुरशी उगवते.

आता ध्यानात ठेवायची गोष्ट. मातीत शिरणारी अळी आणि मातीतून वर येणारी माशी या बुरशीला सहज बळी पडतात. टणक कवचाच्या कोषावर तिचा जोर कमी चालतो. म्हणून फळं सडून पडू लागल्यावर धावपळ करू नये. फळं पक्व होऊ लागण्याच्या आधीच बुरशी मातीत असली पाहिजे.

वापरण्याची रीत अशी :

१) पाकिटावरची अंतिम तारीख बघून घ्यावे. पाकीट सावलीत, थंड जागी ठेवावे. पत्र्याच्या खोलीत ठेवलेली बुरशी मरते.

२) पाकिटावर दिलेले एकरी प्रमाण चांगल्या कुजलेल्या, ओलसर शेणखतात मिसळावे.

३) संध्याकाळी झाडाच्या घेराखाली, वेलवर्गीय पिकात मांडवाखाली पसरून मातीत हलके मिसळावे. वर हलके पाणी द्यावे व पालापाचोळ्याचे आच्छादन करावे.

४) बुरशीला २५ ते ३० अंश उष्णता आणि ओल मानवते. ऊन बीजकणांना मारते. आपल्याकडच्या मे महिन्यात कोरड्या, तापलेल्या जमिनीत बुरशी टाकणं म्हणजे पैसे मातीत घालणं.

५) त्याच जमिनीत पुढे-मागे बोर्डो मिश्रण किंवा दुसरे बुरशीनाशक ओतू नये. ते या बुरशीलाही मारते.

६) जवळ तुतीची बाग व रेशीम कीटक असतील तर ही बुरशी वापरू नये.

पूर्वी जमिनीत फोरेट टाकत. २०२० च्या अखेरीपासून त्यावर बंदी आहे, कुणी देऊ केलं तरी घेऊ नका.

नुसत्या बुरशीवर मात्र विसंबू नका. शेजारच्या बागेतून माशी उडत येतेच. पडलेली, किडकी फळं रोज वेचावीत आणि दोन फूट खोल पुरावीत. उकिरड्यावर टाकलेलं किडकं फळ म्हणजे माशीचं बाळंतघरच. पेरू-आंब्यात मिथाईल युजेनॉलचा रक्षक सापळा, वेलवर्गीय पिकात क्यूल्यूरचा सापळा लावावा. शेजारीपाजारी मिळून केलं तर गुण लवकर येतो.

आणि खात्री स्वतःच करून घ्या. दोन मडक्यांत सारखीच ओलसर माती भरा. एकात बुरशी मिसळा. दोन्हींत किडक्या फळांतल्या सारख्याच मोठ्या अळ्या सोडा, तोंडाला पातळ फडकं बांधून सावलीत ठेवा. पंधरा दिवसांनी कुठल्या मडक्यात किती माशा निघाल्या ते मोजा. घेतलेला माल जिवंत होता की नुसती पावडर, ते तिथंच कळेल.

अधिक माहितीसाठी उत्तर सोलापूर तालुक्यातील खेड किंवा मोहोळ येथील कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करावी.